मुंबईतच कशाला?

मुंबईतल्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांना शहराबाहेर, कर्जतच्या वाटेवर शेलू आणि वांगणी इथे घरं देण्याचा बेत पुढे आला, त्याविरुद्ध 9 जुलै 2025 ला कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले, आणि तेव्हापासून एक प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. 'घर मिळतंय ना? मग मुंबईतच कशाला पाहिजे?' विचारणाऱ्याचा सूर साधारण असा असतो की भिकाऱ्याला ओकाऱ्या सुटल्या आहेत. दुसऱ्या बाजूचं उत्तरही तितकंच ठरलेलं: मराठी माणसाला मुंबईतून हद्दपार करण्याचा हा डाव आहे. पहिली बाजू खोल्या मोजते, दुसरी अस्मिता मोजते, आणि ज्या गोष्टीवर सगळं अडलंय त्या अंतराचा हिशेब कोणीच करत नाही. वांगणी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळपास 80 किलोमीटरवर आहे. कर्जत लोकलने दोन तासांच्या आसपास, तेही बसायला जागा मिळाली आणि गाडी वेळेवर धावली तर.

माझं म्हणणं सरळ आहे. शहरातल्या घराची किंमत त्याच्या चौरस फुटांत नसते, ते पोटापाण्याच्या जागेपासून किती लांब आहे यात असते. गरिबाला कडेला नेऊन ठेवण्याचा प्रयोग मुंबईने सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा केला आहे. दरवेळी कडेला इमारती रिकाम्या राहिल्या किंवा गाड्या भरल्या, पुष्कळदा दोन्ही झालं. तेव्हा 'मुंबईतच कशाला?' याचं उत्तर कामगारांनी देत बसण्याचं कारण नाही. त्यांना बाहेर पाठवू पाहणाऱ्यांनी 'वांगणीतच कशाला?' याचं उत्तर आधी द्यावं.

विरोधी बाजूकडे काहीच नाही असं मात्र नाही. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आहेत आणि आजवर मिळालेली घरं वीस हजारांच्याही आत आहेत. या गतीने सगळ्यांना मुंबईत घर द्यायचं तर नातवंडांचीही म्हातारपणं येतील. अर्जदारांतले मूळ कामगार आता सत्तरीपुढचे. त्यांना रोज कामावर जायचंच नाही, मग कामाच्या जवळ घर कशाला, हा प्रश्न बिनबुडाचा नाही. ज्यांना सोडतीत घर लागलं त्यांतल्या काहींनी ते विकून गाव गाठलं, हेही खरं. आणि सगळ्यात टोकदार आक्षेप न्यायाचा आहे. 1982 साली गिरणीत होता म्हणून एकाला घर, आणि त्याच वर्षापासून दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत आलेल्या बाईला काहीच नाही, हे कोणत्या तत्त्वात बसतं? या चारही गोष्टी मला मान्य आहेत. पण त्यांच्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यांच्यातून निघत नाही. ते दाखवायचं तर थोडं मागे जावं लागेल, प्लेगपर्यंत.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला आणि दोन वर्षांत, 1898 मध्ये, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रोग दाटीतून होतो, म्हणून दाटी फोडायची हे त्यामागचं तर्कशास्त्र. नागपाड्यापासून सुरुवात झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते जुन्या वस्त्यांतून आरपार नेले गेले, समुद्राची हवा आत यावी म्हणून. पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने बांधलं कमी आणि पाडलं जास्त. ज्यांच्या खोल्या गेल्या ते कुठे गेले? उत्तरेला दादर-माटुंग्याकडे ट्रस्ट मोकळी, हवेशीर उपनगरं आखत होता. ते तिकडे गेले असतील असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात ते शेजारच्या गल्लीत गेले आणि तिथली दाटी दुप्पट केली. दादर-माटुंग्याला पारशी कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली. पांढरपेशांसाठी या देशात आखलेली सर्वांत देखणी उपनगरं, त्यांच्या झाडांखालून चालताना आजही बरं वाटतं. पण ज्यांच्या नावाने हा खटाटोप सुरू झाला ते हमाल, गोदी कामगार तिथे पोचले नाहीत. पोचणार तरी कसे? गोदीचं काम रोजचं होतं, पहाटे दारात हजर असेल त्याला मिळणारं.

हा मुद्दा गिरणगावात जास्त स्पष्ट दिसतो, म्हणून जरा थांबतो. गिरणीच्या दाराशी भल्या पहाटे बदली कामगारांची रांग लागायची. कायम कामगारांपैकी कोण आला नाही ते पाहून जॉबर, म्हणजे मजूर भरणारा मुकादम, रांगेतल्यांची निवड करायचा. ज्याला घेतलं त्याला त्या दिवसाची मजुरी, बाकीचे परत. भोंगा झाल्यावर पाच मिनिटांत दारात नसलेल्या माणसाला या व्यवस्थेत जागा नव्हती, आणि दार आज बंद झालं तर उद्याही पुन्हा यावंच लागे. म्हणून बहुतेक कामगार गिरणीपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहायचे. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे: रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्याने अंथरूण सोडायचं. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी मिळून घेतलेल्या खोल्या होत्या, गावचा पोरगा मुंबईत उतरला की आधी तिथे ट्रंक ठेवायचा. जेवण खाणावळीत, ती चालवणारी बाई महिन्याच्या शेवटी पैसे घ्यायची आणि संपात थांबायची. वाणीही थांबायचा. 1928 चा संप सहा महिने टिकला तो काही युनियनच्या तिजोरीवर टिकला नाही. ती तिजोरी केवढीशी! तो टिकला गल्लीतल्या उधारीवर, आणि उधारी देणारा माणूस तुमच्या बापाला ओळखत असावा लागतो. आपण ज्याला 'गलिच्छ वस्ती' म्हणतो तिच्यात हे सगळं भरलेलं असतं. हे मी त्या खोल्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्याच खोल्यांत क्षयाने घरंच्या घरं उठली. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं हे कोणाच्याही स्वप्नातलं जगणं नव्हतं. पण तिथे राहणारा माणूस मूर्ख नव्हता. दाटी सोसून तो अंतर वाचवत होता, कारण अंतर परवडत नव्हतं.

सरकारला हे 1920 सालीही कळलं नाही. त्या वर्षी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं केलं, कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला आणि कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून 207 चाळी आणि 16 हजारांवर खोल्या झाल्या, त्या आपल्या बीडीडी चाळी. पक्क्या काँक्रिटच्या, आगीला न भिणाऱ्या, नव्याकोऱ्या. आणि वरळीतल्या बऱ्याच चाळी रिकाम्या पडल्या! दाटीने गुदमरणाऱ्या शहरात हजारो खोल्यांना भाडेकरू मिळेना. भाडं खासगी चाळीपेक्षा चढं, वाटेत दिवे नाहीत, जवळ बाजार नाही, आणि वरळी तेव्हा गिरण्यांच्या मानाने आडबाजूला. 1930 च्या सत्याग्रहात कैद्यांना ठेवायला जागा कमी पडली तेव्हा सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचा तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांचा याहून बोलका निकाल कोणता हवा?

इथे विरोधकांचा सर्वांत चांगला मुद्दा येतो आणि तो ते क्वचितच मांडतात, म्हणून मीच मांडतो. त्याच वरळीच्या चाळी पुढे तुडुंब भरल्या. शहर वाढत वाढत तिथवर पोचलं, बस आली, बाजार आला. मग वांगणीलाही वीस वर्षं द्या, शहर तिथेही पोचेल. जगातलं प्रत्येक उपनगर सुरुवातीला ओसाडच असतं; विलेपार्ल्यालाही कोणे एके काळी लोक 'जंगलात राहायला गेले' म्हणायचे. हे खरं आहे. पण वरळीची गोष्ट नीट वाचा. वरळी माणसांच्या वाटेवर होती. प्रभादेवी, लोअर परळच्या गिरण्या तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर होत्या. अंतर मिटायला काही दिवे, काही दुकानं आणि एक बसमार्ग पुरला. 80 किलोमीटर मिटत नाहीत. फार तर गाडी जलद होईल. आणि वीस वर्षं थांबा हे सत्तरीच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो स्वतः कामावर जात नाही, कबूल. पण त्याच्याबरोबर जी सून आणि जो मुलगा त्या घरात जाणार ते लोअर परळच्या एखाद्या कार्यालयात हाऊसकीपिंगला असतात, नाहीतर कुरिअर पोचवत असतात, आणि म्हाताऱ्याचं औषधपाणी केईएममध्ये चालू असतं. घर एका माणसाच्या नावावर असतं, पण राहतं त्यात कुटुंब.

शहर माणसांसकट बाहेर नेता येतं का? येतं, आणि त्याचं उदाहरणही आपल्याच घरात आहे. एकाच प्रयोगात अर्धं यश आणि अर्धं अपयश इतकं शेजारी शेजारी क्वचितच बघायला मिळतं. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1965 मध्ये मांडलं की उत्तर-दक्षिण अशी चिंचोळी वाढणारी मुंबई खाडीपलीकडे पूर्वेला वळवावी. त्यांच्या मांडणीचा कणा हा होता की घरांबरोबर काम हललं पाहिजे, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे सरकार. ते हललं की त्याच्या मागे बाकीचे येतील. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी केंद्र आखलं गेलं. आणि नेमक्या त्याच दशकात त्याच सरकारने दक्षिण टोकाला समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंट उभारला! बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या, ज्या कोणी खाडी ओलांडली असती त्या सगळ्यांना मंत्रालयाच्या शेजारी जागा मिळाली. (या भूखंडाला नाव मिळालं ते के. एफ. नरिमन यांचं, म्हणजे 1920 च्या दशकात याच बॅक बे भरावातला घोटाळा चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसाचं. इतका बेमालूम सूड इतिहासही क्वचित उगवतो.) मंत्रालय हललं नाही. जून 2012 मध्ये त्याला आग लागली, मजलेच्या मजले जळाले, तेव्हाही ते जिथल्या तिथे पुन्हा बांधलं. पुढे नरिमन पॉइंटवरून कार्यालयं निघाली तीही बेलापूरला गेली नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, मिठीच्या काठच्या दलदलीत भर घालून तयार केलेल्या जमिनीवर. वाशीचा खाडीपूल 1973 ला झाला. मानखुर्दहून वाशीला लोकल पोचली 1992 ला. म्हणजे शहर जाहीर झाल्यानंतर 22 वर्षांनी. तोवर तिथे कोणी जायचं आणि कशाच्या भरवशावर?

त्याच सुमारास पॅरिसकरांनीही नवी शहरं वसवायला घेतली होती. सेर्जीला त्यांनी पहिल्यांदा काय बांधलं? नव्या जिल्ह्याची मुख्य कचेरी, उलट्या पिरॅमिडसारखी, शेतांच्या मधोमध. घरं भोवताली नंतर आली. दुसरीकडे मार्न-ला-व्हालेला 1977 मध्येच जलद रेल्वे पोचली. त्या शहरांचेही पुढे पुष्कळ प्रश्न झाले, ते काही नंदनवन नव्हे. पण क्रम काय असावा एवढं त्यांना माहीत होतं.

आणि नवी मुंबईचं यशस्वी अर्धं? ते बाजार समितीचं. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, मग भाजीपाला आणि फळं: मशीद बंदर, भुलेश्वर भागातले घाऊक बाजार सरकारने कायद्याच्या जोरावर वाशीला हलवले. व्यापाऱ्यांनी बोटं मोडली, वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, पण शेवटी गेले. बाजार गेला तसे माथाडी गेले. साताऱ्या-पुण्याकडचा हा माणूस आधी मशीद बंदरच्या गोदामाच्या पडवीत झोपत होता. त्याला कोपरखैरणे, घणसोलीला घर मिळालं, पोती उचलायच्या जागेपासून सायकलच्या टप्प्यात. माथाड्यांनी 'आम्हाला मुंबईतच घर पाहिजे' म्हणून आझाद मैदान गाठल्याचं कोणाला आठवतं का? मला तरी नाही. अस्मितावाद्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. माणूस मुंबईच्या मातीला चिकटून बसलेला नसतो. भाकरी हलली की तोही हलतो. मराठीपण कोपरखैरण्यात कमी होत नाही. उलट तिथे जेवढी भजनी मंडळं आहेत तेवढी आता लालबागेत तरी उरली असतील का, शंकाच आहे.

काम न हलवता घरं हलवली की काय होतं ते रोज सकाळी दिवा स्थानकाच्या फलाटावर दिसतं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई बेटाची लोकसंख्या घटली, 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली. उपनगरं धरूनही बृहन्मुंबई जेमतेम चार टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा 81 लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. 'मुंबईवर लोंढे आदळताहेत' असं अजूनही भाषणांतून ऐकू येतं, पण जनगणनेत वेगळंच दिसतं: मुंबई आतून रिकामी होते आहे आणि तिचं ओझं कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, बदलापूरवर पडतं आहे. तिसरी मुंबई, चौथी मुंबई अशा घोषणा होतात तेव्हा मला हसू येतं. तिसरी मुंबई कधीच वसली. ती नालासोपारा आणि मुंब्र्याला आहे, आणि तिचा विकास आराखडा म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. ही उपनगरं सरकारने आखली नाहीत. मुंबईत घर परवडलं नाही आणि काम मात्र मुंबईतच राहिलं, या दोन गोष्टींनी ती आखली. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि मेली, तेव्हा चर्चा झाली ती आपोआप बंद होणाऱ्या दारांची. दारं बंद होतील, व्हावीतही. पण ती माणसं सकाळी नऊच्या सुमारास तिथे लटकत का होती, हा प्रश्न रेल्वेचा नाही, घरांचा आहे. उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. दुसऱ्या कुठल्याही कारणाने एका शहरात एवढी मेली असती तर त्याला साथ म्हटलं असतं आणि ट्रस्ट नेमला असता.

व्हिक्टोरियन लंडनमध्येही रेल्वेचे रूळ शहरात आणण्यासाठी गरिबांच्या वस्त्या उठवल्या गेल्या होत्या. तिथल्या संसदेने 1883 मध्ये कायदा करून रेल्वे कंपन्यांना कामगारांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या चालवायला भाग पाडलं. टॉटनहॅम, वॉल्थमस्टो ही कामगारांची उपनगरं त्या तिकिटावर वाढली. पाठवायचंच असेल तर पोचायची जबाबदारी पाठवणाऱ्याची, एवढा शहाणपणा भांडवलशाहीच्या त्या कडक काळातही होता. आपल्याकडे 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू झाला. त्याच्यावर रेल्वे नाही, रिक्षा नाही, दुचाकीला बंदी. त्या पुलावरून गिरणी कामगाराच्या मुलाने खाडी कशी ओलांडावी?

आता पैशांचं. 'मुंबईत जमीनच नाही, आणि आहे तिची किंमत बघा' हे वाक्य चर्चेत हुकमाच्या पानासारखं टाकलं जातं. जमीन होती. गिरण्यांची सुमारे 600 एकर, शहराच्या ऐन मध्यावर, रेल्वेच्या दोन मार्गांमध्ये. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत तरतूद होती: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, तिसरा परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. चार्ल्स कोरिआ यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने 1996 मध्ये सुचवलं की प्रत्येक गिरणीचा तुकडा सुटा न पाहता सगळ्यांचा मिळून एक आराखडा करा. अहवाल बासनात गेला. 2001 मध्ये नियमात बदल झाला: वाटणी होईल ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, गिरणीचं बांधकाम ज्या जमिनीवर उभं आहे ती वगळून. गिरणी म्हणजे जवळपास सगळं बांधकामच. म्हाडाचा आणि महापालिकेचा वाटा आटून मूठभर राहिला. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो उचलून धरला. 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची एकच मुंबई टेक्सटाइल मिल 702 कोटींना विकली गेली. तेव्हा जमीन नव्हती असं म्हणू नका. जमीन होती आणि ती कोणाला द्यायची ते ठरवलं गेलं. त्या निर्णयाचं बिल आता वांगणीच्या पत्त्यावर पाठवलं जात आहे.

शहराच्या आत गरिबासाठी घर बांधणं परवडत नाही, हे तरी खरं आहे का? पहिल्या महायुद्धात होरपळलेल्या, उपासमारीने पोखरलेल्या व्हिएन्ना शहराने 1923 मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसवला, छोट्या घराला नगण्य आणि हवेलीला भरमसाट. दहा वर्षांत 60 हजारांहून जास्त घरं बांधली, शहराच्या हद्दीत, ट्रामच्या मार्गावर, पाळणाघरं आणि धुलाईघरांसकट. ती आजही नगरपालिकेच्या मालकीची आहेत, भाड्याने दिली जातात. लॉइडसाहेबांचा गाठीवरचा रुपया आणि व्हिएन्नाचा घरकर एकाच दशकातले. दोघांनी कर बसवला, दोघांनी काँक्रिट ओतलं. व्हिएन्नाने माणूस कुठे कामाला जातो ते पाहिलं, लॉइडसाहेबांनी फक्त खोल्या मोजल्या. आणि लांब कशाला जायचं? बीडीडी चाळींचाच पुनर्विकास वरळीत म्हाडा करते आहे. 160 चौरस फुटांत राहिलेल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या तिथेच 500 चौरस फुटांची घरं मिळाली. त्या टॉवरांचा देखभालखर्च पुढे कोण भरणार, याची मला काळजी वाटते. पण 'आतल्या आत जमतच नाही' हा दावा तरी त्यांनी निकालात काढला.

याउलट माहुल पाहा. तानसा जलवाहिनीच्या काठची घरं पाडून कुटुंबांना तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतल्या इमारतींत पाठवलं गेलं. तिथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटलं होतं. लोकांनी रस्त्यावर बसून वर्ष काढलं, आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना 15 हजार रुपये भाडं द्या. इमारती ओस पडल्या. पुढे महापालिकेने तीच घरं बारा-तेरा लाखांत आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तरी रांग लागली नाही. मुंबईत, बारा लाखांत, घर, आणि घ्यायला माणूस नाही! वरळीच्या रिकाम्या चाळींना शंभर वर्षं होत आली, धडा तोच आहे. आता धारावीच्या 'अपात्र' ठरणाऱ्या हजारो कुटुंबांसाठी मुलुंड-कांजूरची मिठागरं आणि देवनारचा कचरा डेपो यांची नावं पुढे आली आहेत. धारावीत चुलीशेजारी चामडं शिवलं जातं, भट्टीशेजारी घर असतं. त्या माणसाला मिठागरावर खोली दिली तर त्याला अर्धाच मोबदला मिळाला, धंदा तिथेच राहिला. तिकडे मुलुंडकर आधीच 'आमच्याकडे नको' म्हणून उभे आहेत. त्यांचंही गटार, त्यांचंही पाणी, त्यांचीही लोकल तेवढीच आहे, म्हणून त्यांना सरसकट स्वार्थी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

राहिला घर विकून गावी गेलेल्यांचा आणि न्यायाचा आक्षेप. तो मालकीच्या घरांबद्दल आहे, जागेबद्दल नाही. विकता येणारी कोट्यवधींची मालमत्ता सोडतीत वाटली की काही जण ती विकणारच. मध्यमवर्गीय माणूस पुनर्विकासात मिळालेला फ्लॅट विकतो तेव्हा आपण त्याला हिशेबी म्हणतो, कामगाराने तेच केलं की कृतघ्न म्हणतो. यावर उपाय भाड्याच्या घरांचा आहे, शहराच्या आत आणि सार्वजनिक मालकीच्या. अशी घरं असतील तर गिरणी कामगाराचा वारस आणि धुणीभांडी करणारी बाई एकाच रांगेत उभ्या राहू शकतील, 1982 चा दाखला न मागता. भाड्याच्या घरांशी आपलं नातं बिघडलेलं आहे हे मला मान्य आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी फोफावली. त्या अनुभवाने पोळलेला महाराष्ट्र ताकही फुंकून पितो. पण तो कायदा खासगी मालकाच्या खर्चावर समाजसेवा करायला गेला होता. सरकारने स्वतःच्या जमिनीवर स्वतः घरमालक होऊन नीट भाडं घेणं आपण गंभीरपणे करून पाहिलेलंच नाही.

आझाद मैदानात आलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या असतात. त्यात लाल पास, तिकीट नंबर, भविष्यनिर्वाह निधीची पावती, लिव्ह रजिस्टरचं झेरॉक्स: चाळीस वर्षांपूर्वी आपण या शहरात काम केलं होतं याचे पुरावे. ते 2001 ची लढाई हरले, आणि त्यांना वांगणीऐवजी सगळ्यांनाच लोअर परळ मिळेल अशी आशा मीही दाखवणार नाही. पण पुढची लढाई आधीच दाराशी आली आहे. पूर्व किनाऱ्यावर माझगावपासून वडाळ्यापर्यंत बंदराची सुमारे 1,800 एकर जमीन आहे, म्हणजे सगळ्या गिरण्यांच्या तिप्पट, आणि तीही सार्वजनिक मालकीची. तिथे हार्बरची रेल्वे आहे, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी अशी तयार स्थानकं आहेत. त्या जमिनीचा पहिला तुकडा लिलावात जाण्याआधी भाड्याच्या घरांचा वाटा कायद्यात ठरला पाहिजे, आणि तो एकूण क्षेत्रफळावर मोजला गेला पाहिजे, गोदामं, शेड, इमारती सगळं धरून.